सीसी (कॅश क्रेडिट) खातं लिमिटच्या वर गेलं तर सिबिल (क्रेडिट स्कोअर) एवढं पडतं का हो?

बियाणेवाला_अंमळनेर

नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं वगैरे. एका बँकेत १५ लाखाची सीसी आहे, म्हणजे तेवढ्यापर्यंत लागेल तसे उचलायचे आणि येतील तसे भरायचे, सहा-सात वर्षं झाली, आजवर माझा एक चेक परत गेलेला नाही, गाडीचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आपोआप कटतो, तोसुद्धा कधी चुकला नाही. आता घराचं काम काढायचं म्हणून होम लोनला दुसऱ्या बँकेत गेलो तर साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघून तोंड वाकडं केलं, म्हणे सिबिल ६८४ आहे. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी स्वतः मोबाईलवर काढलं होतं तेव्हा ७७१ होतं! म्हणजे सरळ ८७ पॉइंट गेले आणि मी काय केलं तेच मला माहीत नाही.

विचारलं तर म्हणे तुमचं सीसी खातं ओव्हर गेलेलं दिसतंय. आता मला जेवढं आठवतं तेवढं सांगतो, जुलैमध्ये खताच्या डिस्ट्रिब्युटरचा चेक लागला तेव्हा खातं २२ हजाराने वर गेलं होतं, मॅनेजर साहेबांना फोन केला, ते म्हणाले आठ दिवसात भरा मी पास करतो, आणि मी आठ दिवसात भरले पण. मॅनेजरनेच पास केलं तर माझा गुन्हा काय? आणि दुसरं म्हणजे सीसीला हप्ताच नसतो, तर मग हप्ता चुकला असं सिबिलला कळवतात तरी कसं? त्यानंतर चिडून अजून दोन ठिकाणी अर्ज टाकला, तिथेही तेच. कोणाला अनुभव असेल तर सांगा, घरचे रोज विचारतात नकाशा कधी पास होतो म्हणून.

भरीत_पार्टी

हाई सिबिल म्हंजे बांधवरला भाऊबंद शे भो, कधी काय चुकनं ते सगळं ध्यानमा ठेवस 😄

गंमत सोडा, पण माझ्या माहितीप्रमाणे सीसी-ओडीचं (ओव्हरड्राफ्टचं) सिबिलला काही जात नाही, फक्त क्रेडिट कार्ड आणि हप्त्याच्या लोनचं जातं. तुमचं दुसरंच काहीतरी असेल. कोणाला जामीन राहिले होते का? आमच्याकडे निम्मे लोक मित्राच्या ट्रॅक्टरला सही करून अडकलेले आहेत.

पांझराकाठचा_नाना

भरीतवाले भाऊ, चुकीचं सांगू नका, लोक वाचतात आणि तसंच वागतात. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच वर्षं धुळे-शिरपूर-दोंडाईचा भागात कर्जाच्या टेबलावर, आता रिटायर आहे आणि नातवाच्या टॅबवरून टाइप करतोय, तेव्हा चुका पोटात घाला.

सीसी असो, ओडी असो, ते कर्जच आहे आणि सिबिलला, नुसतं सिबिललाच नाही तर एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चारही कंपन्यांना त्याची माहिती जाते. १ जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरा दिवसांनी पाठवायची असा रिझर्व्ह बँकेने नियम केला, आधी महिन्याला होती. तुमचं दुकान प्रोप्रायटरीचं असेल तर दुकानाचा पॅन आणि तुमचा पॅन एकच, म्हणजे दुकानाच्या सीसीत जे होतं ते घराच्या लोनच्या वेळी समोर येणारच.

आता हप्ता नसताना "थकलं" कसं ठरतं ते बघा. सीसीला हप्ता नाही पण तिला छप्पर आहे. त्या छपराच्या वर शिल्लक गेली की त्या दिवसापासून दिवस मोजायला सुरुवात होते. ३० दिवसांच्या पुढे सलग वर राहिलं की खातं एसएमए-१ (बिघडायला लागल्याचा शिक्का), ६० च्या पुढे एसएमए-२, आणि ९० दिवस सलग वर राहिलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. १२ नोव्हेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेने सर्क्युलर काढून हे पक्कं केलं की ही मोजणी रोज दिवसअखेर करायची. आमच्या काळी मॅनेजर मार्च एंडला फोन करायचा, "शेठ तेवढं पन्नास हजार टाका ना, खातं सरळ करून घेऊ", आणि जमायचं. आता मशीन रात्री शिक्का मारते आणि सकाळी मॅनेजर पण तुमच्याइतकाच हतबल असतो.

महत्त्वाचं म्हणजे सलग हा शब्द. मधे एक दिवस जरी दिवसअखेर शिल्लक छपराच्या खाली आली तरी मोजणी परत शून्यावर. पण २२ हजार वर असताना २१ हजार भरले तर एक हजार वरच आहे ना, म्हणजे घड्याळ चालूच. लोक इथेच फसतात, "मी तर पैसे भरत होतो" म्हणतात, भरत होता हो, पण पूर्ण खाली आलं नाही.

आणि छपराच्या खाली असलं म्हणजेही सगळं सुरळीत असं नाही. ९० दिवसात खात्यात काहीच जमा नाही, किंवा जेवढं जमा झालं त्यातून त्या काळात टाकलेलं व्याजसुद्धा निघत नाही, तरी खातं बिघडलेलंच धरतात.

तुमचे जुलैचे २२ हजार आठ दिवसात भरले असतील तर त्याने ८७ पॉइंट जाणार नाहीत. मॅनेजरने पास केलं ते टीओडी, त्याच्या अधिकारात दिलेली उचल. ती कागदोपत्री ॲडहॉक (तात्पुरतं वाढीव) लिमिट म्हणून सिस्टीममध्ये चढवली असती तर छप्परच तेवढं वर गेलं असतं, नुसता फोनवर पास केलेला चेक मशीनला ओव्हरच दिसतो. पण आठ दिवस म्हणजे आठ दिवस, त्यावर एवढा भडका होत नाही. मला वाटतं तुम्ही १५ लाखाकडे बघताय आणि बँक दुसऱ्याच आकड्याकडे बघतेय. स्टॉक स्टेटमेंट (माल-उधारीचा तक्ता) कधी दिलं होतं आणि डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, त्या माल-उधारीवर खरोखर उचलता येणारी रक्कम, किती बसवली ते शाखेत विचारून इथे टाका.

चटईवाला_जळगाव

नानांनी बरोबर नस पकडली. आमच्याकडे डीपी म्हटलं की शेतातला ट्रान्सफॉर्मरचा डबा डोळ्यासमोर येतो, पण खेड्यातली डीपी जळाली तर गावभर बोंब होते, बँकेतली डीपी पडली तर खुद्द मालकाला पत्ता नसतो.

माझा अनुभव. एमआयडीसीत प्लास्टिक चटईचं छोटं युनिट आहे, ४० लाखाची सीसी. अकाउंटंट पोरगा पुण्याला नोकरीला गेला, नवीन मिळेपर्यंत मी स्टॉक स्टेटमेंट दिलंच नाही, एक महिना, दोन महिने, तीन महिने. माल रोज जात होता, पैसे रोज येत होते, खात्यात ३८ लाख उचल, म्हणजे लिमिटच्या दोन लाख आत, मी आपला निवांत. एक दिवस सकाळी चेक परत आला. बँकेत गेलो तर कळलं स्टेटमेंट तीन महिन्यापेक्षा जुनं झालं म्हणून सिस्टीमने डीपी शून्य करून टाकली, म्हणजे माझी ३८ च्या ३८ लाख उचल कागदावर ओव्हर! त्याच दिवशी रात्री बारापर्यंत बसून स्टेटमेंट बनवलं, दुसऱ्या दिवशी दिलं, डीपी परत बसली, सुटलो. चूक माझीच होती, पण कोणी आधी सांगितलं नव्हतं की नुसतं कागद न दिल्याने माणूस थकबाकीदार होतो.

रिन्यूअलचं पण तसंच आहे. लिमिटची मुदत एक वर्षाची असते, तारीख उलटून गेली आणि कागद दिले नाहीत तर लिमिटच संपलं असं धरतात. १८० दिवसात रिन्यू नाही झालं तर व्याज वेळेवर भरत असला तरी एनपीए. ऑडिट झालं नाही, सीएकडे फाइल आहे, ही कारणं मशीन ऐकत नाही.

खान्देशी_ताई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारते. मी नंदुरबारकडे शिक्षिका आहे. पगाराच्या खात्यावर बँकेने ३ लाखाची ओडी दिली होती, मी त्यातले २ लाख ३५ हजार मुलीच्या ॲडमिशनला वापरले आणि व्याज दर महिन्याला जातंय म्हणून शांत होते. चौदा महिन्यांनी मेसेज आला की तुमचं खातं ५ हजाराने ओव्हर आहे. मी एक रुपया जास्तीचा काढलेला नसताना ओव्हर कसं झालं? लिमिट ३ लाख, वापरले २.३५, मला तर वाटलं फ्रॉडचा मेसेज आहे.

पांझराकाठचा_नाना

ताई, तो मेसेज खरा होता. तुमची ओडी घसरत्या लिमिटची आहे, ड्रॉपलाइन म्हणतात. पगारदारांना बऱ्याचदा तशीच देतात. ६० महिन्यांची असेल तर ३ लाखातून दर महिन्याला ५ हजार लिमिट कमी होतं. चौदा महिन्यांनी ७० हजार कमी, म्हणजे लिमिट उरलं २ लाख ३० हजार, आणि तुमची उचल २.३५. छप्पर दर महिन्याला थोडं थोडं खाली येतंय आणि तुम्ही जागच्या जागी उभ्या, कधीतरी डोकं लागणारच. यापुढे दर महिन्याला व्याजाच्या वर निदान ५ हजार मुद्दल भरत चला आणि ॲपमध्ये लिमिटचा आकडा दर महिन्याला बघत चला, सँक्शन लेटरवरचा तीन लाखाचा आकडा विसरून जा. ५ हजार लगेच भरले असतील तर सिबिलची काळजी करू नका.

खान्देशी_ताई

भरले नाना, त्याच दिवशी. धन्यवाद. सँक्शन लेटर काढून बघितलं, बारीक अक्षरात लिहिलंय खरं, चष्मा लावून पण दिसत नाही 🙏

बियाणेवाला_अंमळनेर

नाना तुम्ही कुठे बसता सांगा, पाया पडायला येतो. काल शाखेत जाऊन सगळं काढलं. तुम्ही म्हणाला तसंच निघालं.

ऑगस्ट अखेरचं स्टॉक स्टेटमेंट मी सप्टेंबरच्या मध्यात दिलं होतं. त्यात दुकानात शिल्लक माल ५ लाख २० हजार, डिस्ट्रिब्युटरचं देणं १ लाख २० हजार, ते वजा करून ४ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन कापून ३ लाख. उधारी १३ लाख दाखवली होती पण त्यातली २ लाख जुनी म्हणून काढून टाकली, ११ लाखावर ४० टक्के कापून ६ लाख ६० हजार. दोन्ही मिळून डीपी ९ लाख ६० हजार. आणि खात्यात उचल होती १४ लाख ६०. म्हणजे १५ लाखाच्या आत आहे म्हणून मी मजेत आणि बँकेच्या हिशेबाने मी ५ लाख वर!! १८ सप्टेंबरला त्यांनी डीपी बसवली आणि खातं सरळ झालं थेट १० नोव्हेंबरला, जेव्हा शेतकऱ्यांचे कापसाचे पैसे आले. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढला त्यात सप्टेंबरच्या घरात ०१३ आणि ऑक्टोबरच्या घरात ०४४ (महिनाअखेरीला खातं किती दिवस वर होतं तो आकडा) असं लिहिलंय, नोव्हेंबरला परत ०००. तो ०४४ च माझा वैरी ना?

एक गोष्ट मात्र मनाला लागली. आमचा धंदा असा आहे की मे-जूनला बियाणं-खत भरायचं, शेतकऱ्याला उधार द्यायचं, आणि तो कापूस विकल्यावर दिवाळीत नाहीतर त्याच्या पुढे पैसे देतो. सगळ्या खान्देशात हेच आहे, आमच्या वडिलांच्या काळापासून. बँकवाले म्हणतात ९० दिवसाच्या वरची उधारी आम्ही धरत नाही. अहो जूनमध्ये दिलेलं बियाणं सप्टेंबरला कुठून वसूल करू, बोंडं तरी फुटली पाहिजेत ना!

पांझराकाठचा_नाना

भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि हेच मी शाखेत असताना दरवर्षी बघायचो. कृषी केंद्रवाल्याची डीपी नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरला पडते. जूनला दुकान मालाने भरलेलं असतं तेव्हा डीपी भरपूर, मग माल उधारीत जातो आणि मार्जिन २५ चं ४० होतं, म्हणजे तोच माल शेतकऱ्याच्या घरी गेला की बँकेच्या लेखी त्याची किंमत कमी. मग ती उधारी ९० दिवस ओलांडते आणि एकदम शून्य होते. त्याच वेळी पोळा, कानबाई, गणपती, नवरात्र असा खर्चाचा हंगाम आणि कापूस अजून झाडावर. ९० दिवसाचा नियम प्रत्येक बँकेचा, प्रत्येक सँक्शनचा थोडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या. काही ठिकाणी शेतीनिगडित व्यापाऱ्याला उधारीची मुदत जास्त धरून देतात, पण ते रिन्यूअलच्या वेळी मागायचं असतं. नोटमध्ये लिहून घ्यायचं की या धंद्याची वसुली कापसाच्या हंगामात होते, तीन वर्षाचं खातं पुरावा म्हणून दाखवायचं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दुसरा उपाय, हंगामापुरतं लिमिट वाढवून घ्या, जुलैच्या आधी अर्ज. म्हणजे ती वाढ सिस्टीममध्ये चढते. पण डीपी पुरत नसेल तर लिमिट वाढवून उपयोग नाही, तेव्हा त्याला जोडून थोडी एफडी किंवा घरचं तारण दाखवावं लागेल.

आणि तुमच्या खात्यात बरेच महिने १४ लाखाच्या वरच उचल असणार, बरोबर? लिमिट काठोकाठ वापरणं हे पण स्कोअरला चांगलं दिसत नाही, आणि दुसरं, ते धोक्याचं आहे. १५ लाखाला साडेदहा टक्क्याने महिन्याचं व्याज साधारण १३ हजार होतं आणि ते महिनाअखेरीला आपोआप खात्यात नावे पडतं. तुम्ही १४ लाख ९५ हजारावर असाल तर ३० तारखेच्या रात्री एकही चेक न काढता ओव्हर. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, दोन महिन्याच्या व्याजाएवढी जागा कायम रिकामी ठेवा, ती तुमची नाहीच असं समजा. दहातले दोघे ऐकायचे.

हिशेबवाली_जळगाव

मी सीए आहे, दोन-तीन गोष्टी राहिल्या त्या सांगते, नानांनी बाकी सगळं माझ्यापेक्षा छान सांगितलंय.

बियाणेवाले दादा, ०४४ खरा असेल तर तो पुसून मिळणार नाही, कोणी एजंट "पाच हजारात सिबिल क्लीन करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कोणीही काढू शकत नाही. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांची घरं दिसतात, त्यामुळे ती दिसत राहणार, पण जसजसे पुढचे ००० जमा होतात तसा तिचा भार कमी होतो.

पण आधी तपासा की ती खरी आहे का. बँकेने डीपी उशिरा बसवली, किंवा तुम्ही भरलेले पैसे त्याच दिवशी न धरता पुढे धरले, असं झालेलं मी पाहिलंय. खातेउतारा घ्या, १८ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर रोजची अखेरची शिल्लक डीपीशी लावून बघा. मधे एक दिवस जरी खाली आलं असेल तर मोजणी तुटायला हवी होती. चूक सापडली तर सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाका आणि बँकेलाही लेखी द्या. ३० दिवसात निकाल लावायचा असतो, त्याच्या पुढे गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचं ऑक्टोबर २०२३ चं सर्क्युलर आहे, २०२४ च्या एप्रिलपासून लागू. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील नको, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

रिपोर्टसाठी पैसे भरलेत का? भरले असतील तर यापुढे भरू नका. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, २०१७ पासून. मी माझ्या क्लायंटला तीन-तीन महिन्याने एकेका कंपनीचा काढायला सांगते, वर्षभर नजर राहते आणि रुपया लागत नाही. स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. उलट तुम्ही चिडून जे तीन बँकांत अर्ज टाकले, त्याच्या चौकशा रिपोर्टमध्ये दिसतात आणि त्याने थोडा का होईना फरक पडतो, थोड्या दिवसात तीन ठिकाणी हात पसरलेला माणूस बँकेला अडचणीतला वाटतो. आता थांबा जरा.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या सर्क्युलरमध्ये अजून एक आहे, थकबाकीची माहिती पाठवताना बँकेने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करायचा असतो. तुम्हाला आला होता का? बहुतेक वेळा बँकेत जुना नंबर असतो, मुलाचा नाहीतर मुनीमचा, आणि मेसेज तिकडे जातो.

हो, आणि दंड. खातं ओव्हर गेलं म्हणून जो दंड लावतात तो आता व्याजदर वाढवून लावता येत नाही, १ एप्रिल २०२४ पासून नवीन कर्जांना तो वेगळा पीनल चार्ज म्हणून घ्यायचा आणि त्यावर परत व्याज लावायचं नाही, जुन्या खात्यांना पण त्या जूनअखेरपर्यंत लागू झालं. उताऱ्यात ते बघून घ्या.

बियाणेवाला_अंमळनेर

ताई, मेसेज आले होते!! नंबर दुकानातल्या आधीच्या पोराचा दिलेला होता, त्याला फोन करून विचारलं तर म्हणे "हो दादा, बँकेचे येत होते, मला वाटलं जाहिरात आहे, डिलीट केले". आता काय त्याला बोलू. नंबर आज बदलला.

रोजची शिल्लक पण लावून बघितली, एकही दिवस खाली आलेलं नाही. सगळ्यात कमी १२ लाख ४० होती. म्हणजे नोंद खरीच आहे, डिस्प्यूट टाकण्यात अर्थ नाही.

विप्रोवाला_अंमळनेरकर

अंमळनेरचा धागा आणि शेअरचा विषय नाही असं कसं चालेल. १९४५ ला इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, ती पुढे विप्रो झाली, त्यामुळे आमच्या गावात घराघरात जुने शेअर. माझ्या एका नातेवाईकाने शेअर तारण ठेवून ओडी घेतली होती, त्यांना वाटलं हे सगळ्यात सेफ. पण तिथे डीपी रोजच्या भावावर चालते. बाजार पडला की न काढता न वापरता खातं ओव्हर, फोन येतो पैसे टाका नाहीतर शेअर विकतो. त्यांनी फोन उचलला नाही कारण लग्नात होते. विकले. एफडीवरची ओडी तरी बरी, एफडीचा भाव पडत नाही. पण तिथेही व्याज चढत चढत एफडीच्या वर गेलं तर बँक एफडी मोडून घेते आणि रिपोर्टमध्ये पण दिसतं.

भरीत_पार्टी

मी सुरुवातीला चुकीचं बोललो, माफी असावी. आता एक सांगा, माझं सेव्हिंग खातं मिनिमम बॅलन्स नाही म्हणून कापून कापून मायनसमध्ये गेलं, बँकेचा माणूस म्हणतो भरा नाहीतर सिबिल खराब होईल. हे खरं का?

हिशेबवाली_जळगाव

नाही. सेव्हिंग खातं कर्ज नाही, त्याची शिल्लक सिबिलला जात नाही. आणि मिनिमम बॅलन्सच्या चार्जमुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये नेताच येत नाही, एप्रिल २०१५ पासून नियम आहे, शून्यावर थांबायचं. ते कापलेले पैसे परत मागा, लेखी. पण जनधन खातं असेल आणि त्यावरची ओडी, १० हजारापर्यंत मिळते ती, उचलली असेल तर मात्र ते कर्ज आहे आणि दिसणार.

भरीत_पार्टी

जनधन नाही. उद्याच जातो, नियम प्रिंट काढून नेतो. मन्हा ५९० रुपया गयात ना ताई.

बियाणेवाला_अंमळनेर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं, होम लोनचा अर्ज आता नाही, आखाजीपर्यंत थांबतो. कापसाचे उरलेले पैसे येतील तसे सीसीतच टाकतो आणि उचल १२ लाखाच्या खाली ठेवतो. रिन्यूअल मार्चमध्ये आहे, त्यात उधारीची मुदत १८० दिवस मागणार, साहेब म्हणाले वरच्या ऑफिसला पाठवून बघू. तीन वर्षाचा खातेउतारा लावलाय, दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरलाच पैसे येतात हे त्यात उघड दिसतं.

नाना, एक शेवटचं. मधल्या काळात वडिलांच्या नावावर लोन घेतलं आणि मी जामीन राहिलो तर चालेल का?

पांझराकाठचा_नाना

वडिलांचं वय, उत्पन्न हे बघतीलच, पण जामीनदाराचं सिबिल पण बघतात, म्हणजे तुमचा ०४४ तिथेही येऊन बसणार. आणि तुमच्या सीसीला वडील जामीन आहेत का? असतील तर त्यांच्या रिपोर्टमध्ये पण हे खातं दिसत असेल, आधी त्यांचा काढून बघा.

बियाणेवाला_अंमळनेर

आहेत जामीन. काढतो.